एका बाजूला भिंतच नसलेल्या हॉलसाठी होम थिएटरचे स्पीकर कसे निवडायचे

आमच्याकडे पहिला होम थिएटर सेट आला तेव्हा हॉलमध्ये सात स्पीकर लागले होते, आणि तरी डायनिंग टेबलावर मटार सोलत बसलेली आई दर पाच मिनिटांनी विचारायची, "काय म्हणाला रे तो?" मग मी आवाज वाढवायचो, तेवढ्यात पडद्यावर मारामारी सुरू व्हायची आणि बायको आतून ओरडायची, अरे कमी कर, कमी केला की परत डायलॉग गायब. रिमोट हातातून खाली ठेवायची सोय नव्हती. सेट वाईट होता असंही नाही, दुकानात मस्त वाजला होता. पण दुकानातली डेमोची खोली दहा बाय बारा, चारी बाजूंनी बंद, खाली कार्पेट, भिंतींना फोम. आणि आमच्याकडे हॉल, डायनिंग, ओटा सगळं एकात एक, उजव्या हाताला भिंत नावाची गोष्टच नाही, खाली गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल आणि वर काँक्रीटचा स्लॅब.

पुण्यामुंबईतल्या बऱ्याचशा नव्या फ्लॅटमध्ये हेच चित्र आहे, त्यामुळे जो पहिल्यांदाच घेतोय त्याने माझ्यासारखे पैसे घालवू नयेत म्हणून हे लिहितोय. माझं म्हणणं थोडक्यात असं की उघड्या हॉलमध्ये स्पीकरची संख्या वाढवून काही होत नाही, समोरचे तीन स्पीकर आणि एक दणकट सबवूफर (फक्त बास, म्हणजे खालचे सूर वाजवणारा डबा) यांच्यावर पैसे लावा, बाकीचं सावकाश. का, ते एकेक करून बघू.

आधी टेप आणा

दुकानात जायच्या आधी घर मोजा. आणि मोजताना फक्त सोफा-टीव्हीचा भाग मोजू नका, जिथपर्यंत हवा अडत नाही तिथपर्यंत सगळं मोजा. आमचंच सांगतो. हॉल ११ बाय १९ फूट, उंची साडेनऊ, म्हणजे सुमारे २००० घनफूट. पण त्याला लागून डायनिंग ९ बाय १०, ओटा ८ बाय ९, आणि बेडरूमकडे जाणारा साडेतीन फुटी पॅसेज चौदा फूट लांब. सगळ्याला त्याच उंचीने गुणून बेरीज केली तर जवळजवळ ४००० घनफूट होतात, म्हणजे दुप्पट. मी दुकानदाराला "११ बाय १९ चा हॉल" असं सांगितलं होतं आणि त्याने त्या मापाचाच सेट दिला, चूक त्याची नाही, माझी.

मोजून झालं की हॉलच्या मधोमध उभं राहून एक जोरात टाळी वाजवा. "टण्ण" असा शेपूट असलेला आवाज आला तर समजा टाइल, काच आणि स्लॅब मिळून आवाज खेळवतायत. अशा हॉलमध्ये कितीही महागडा स्पीकर आणा, शब्द एकमेकांत मिसळणार. यावरचा उपाय सगळ्यात स्वस्त आहे, सोफा आणि टीव्ही यांच्यामध्ये एक जाड गालिचा (पातळ सतरंजी नाही) आणि बाल्कनीच्या काचेवर जाड कापडाचा पडदा. आम्ही गालिचा टाकल्यावर आईचे प्रश्न निम्मे झाले, अजून एकही नवीन स्पीकर आलेला नव्हता.

आणि तिसरी गोष्ट, कोण कुठे बसतं ते कागदावर काढा. आपल्याकडे घरातली माणसं सिनेमा बघायला एका ओळीत बसत नाहीत. एल आकाराच्या सोफ्यावर दोघं, दिवाणावर एक आडवा, डायनिंगला आई, आणि ओट्यापाशी उभं राहून पोळ्या लाटताना अर्धा सिनेमा बघणारं एक माणूस असतंच. म्हणजे मधल्या एका खुर्चीला परफेक्ट वाजणारा सेट आपल्या कामाचा नाही, कडेला बसलेल्यालाही शब्द कळले पाहिजेत. ही गोष्ट पुढे सेंटर, म्हणजे टीव्हीखालचा मधला स्पीकर, निवडताना फार उपयोगी पडते.

साउंडबार चालेल का

चालेल, टीव्हीच्या स्पीकरपेक्षा नक्कीच बरा. पण एक लक्षात घ्या, "भिंतीवरून आवाज परतवून सराउंडचा अनुभव देतो" असं ज्यांच्या खोक्यावर लिहिलेलं असतं त्यांना परतवायला भिंत लागते. आपल्याकडे एका बाजूला भिंत आहे आणि दुसऱ्या बाजूला मिक्सर. डावीकडचा आवाज परत येतो, उजवीकडचा ओट्याकडे निघून जातो तो जातोच. भाड्याचं घर असेल, वायरिंग करायचं नसेल, तर वेगळा सबवूफर आणि मागचे दोन वेगळे स्पीकर मिळतात तसा साउंडबार घ्या. स्वतःचं घर असेल आणि पाचसात वर्षं वापरायचं असेल तर रिसीव्हर (टीव्ही आणि सगळे स्पीकर ज्याला जोडतात तो अ‍ॅम्प्लिफायरचा डबा) आणि सुटे स्पीकर, कारण त्यात एकेक भाग नंतर बदलता येतो. साउंडबारचं एक बिघडलं की बहुतेक वेळा सगळंच जातं.

पैसे कसे वाटायचे

नवीन माणूस ५.१, ७.१, ५.१.२ या आकड्यांत अडकतो. पहिला आकडा म्हणजे कानाच्या पातळीवरचे स्पीकर, पॉइंटनंतरचा सबवूफर, आणि तिसरा असेल तर तो छताचे. इतकंच. आकडा मोठा म्हणजे सेट भारी, असं काही नसतं. त्याच पैशात सात स्पीकर आले तर प्रत्येक स्पीकर तेवढा हलका येणार, साधा हिशोब आहे.

माझी विभागणी अशी. एकूण पैशांचा तिसरा हिस्सा समोरच्या तिघांना (डावा, उजवा, सेंटर), पाव हिस्सा सबवूफरला, तिसरा हिस्सा रिसीव्हरला, आणि उरलेलं वायर, स्टँड, गालिचा. मागचे स्पीकर? ते पुढच्या बोनसला. खरंच सांगतो, चांगला ३.१ लावून सहा महिने ऐका, रिसीव्हर मात्र पहिल्यापासून पाच किंवा सात चॅनेलचा घ्या म्हणजे नंतर नुसते स्पीकर जोडायचे.

सेंटर, म्हणजे सगळ्या भांडणाचं मूळ

सिनेमातला बहुतेक डायलॉग सेंटरमधून येतो, त्यामुळे "शब्द कळत नाहीत" ही तक्रार असेल तर दहातल्या आठ वेळा सेंटर तरी किरकोळ असतो नाहीतर चुकीच्या जागी असतो.

बाजारातले बरेच सेंटर आडवे, मध्ये ट्वीटर (बारीक, वरचे सूर वाजवणारा) आणि दोन्ही बाजूंना एकेक वूफर (खालचे सूर वाजवणारा) असे असतात. दिसायला छान, टीव्हीखाली बसतात. पण सोफ्याच्या टोकाला बसलेल्या माणसापासून त्या दोन वूफरचं अंतर वेगवेगळं होतं, दोघांचा आवाज किंचित पुढेमागे पोचतो आणि बोलण्याच्या पट्ट्यातला काही भाग एकमेकांना खाऊन टाकतो. मध्ये बसलं तर ठणठणीत, कडेला गेलं की आवाज पोकळ. बंद खोलीत तिघंचौघं समोरच बसतात म्हणून हे जाणवत नाही, आपल्याकडे मात्र डायनिंगची खुर्ची चाळीस-पन्नास अंश बाजूला असते. म्हणून सेंटर घेताना तीन प्रकारांपैकी बघा: ज्यात ट्वीटरच्या बरोबर खाली छोटा मिडरेंज (मधले सूर वाजवणारा) आहे आणि वूफर कडेला आहेत तो थ्री-वे, किंवा वूफरच्या पोटातच ट्वीटर असतो तो (केईएफ कंपनी १९८८ पासून हा प्रकार युनि-क्यू नावाने बनवतेय), किंवा सरळ डाव्या-उजव्यासारखाच तिसरा बुकशेल्फ (छोटा, स्टँडवर किंवा टेबलावर ठेवायचा) स्पीकर उभा ठेवायचा, टीव्हीखाली तेवढी जागा असेल तर. तिसरा पर्याय दिसायला विचित्र आहे पण माझ्या मते सगळ्यात स्वस्तात चांगला.

डावा, उजवा आणि सेंटर एकाच कंपनीच्या एकाच सिरीजचे घ्या, नाहीतर गाडी डावीकडून उजवीकडे जाताना मध्येच तिचं इंजिन बदलल्यासारखं वाटतं.

आता जागा. सुताराने टीव्ही युनिटमध्ये "स्पीकरसाठी" म्हणून खास कप्पा केलेला असतो, पाठीमागून बंद, कधीकधी पुढे काचेचं दारसुद्धा. त्या कप्प्यात ठेवलेला सेंटर म्हणजे पिंपात डोकं घालून बोलणारा माणूस. स्पीकर कप्प्याच्या पुढच्या कडेला आणा, थोडा बाहेर डोकावला तरी चालेल, खाली रबराचे बूच लावून तोंड बसणाऱ्याच्या कानाकडे वर करा. मी दारूच्या बाटलीचं बूच अर्धं कापून लावलंय, कोणाची बाटली ते विचारू नका. टीव्ही फार वर लावलेला असेल तर सेंटर त्याच्या खालीच राहू द्या, वर चढवू नका.

डावा-उजवा: टॉवर की बुकशेल्फ

चांगला सबवूफर घेणार असाल तर टॉवरची, म्हणजे जमिनीवर उभ्या राहणाऱ्या उंच स्पीकरची, गरज नाही. टॉवर जो खालचा बास देतो तो नाहीतरी आपण सबवूफरकडे वळवणार आहोत, मग त्या लाकडाचे पैसे कशाला. अपवाद एक, तुम्ही गाणी खूप ऐकता आणि बसायची जागा लांब आहे, बारातेरा फूट किंवा जास्त, तर टॉवरला मोठ्या आवाजात दम कमी लागतो.

इथे खोक्यावरचा एक आकडा वाचायला शिका, सेन्सिटिव्हिटी. ८६ डेसिबल, ९० डेसिबल असं लिहिलेलं असतं, म्हणजे एक वॉट दिला तर एक मीटरवर किती मोठा आवाज येईल. चार डेसिबलचा फरक किरकोळ वाटतो ना? पण तीन डेसिबल वाढवायला वॉट दुप्पट लागतात, त्यामुळे ८६ वाल्याला ९० वाल्याइतका आवाज काढायला अडीचपट पॉवर लागते. आणि उघड्या जागेत अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबलपर्यंत आवाज पडतो, बंद खोलीत भिंती परतवतात म्हणून तेवढा पडत नाही, आपल्याकडे एक भिंत रजेवर आहे. म्हणून लांब सोफ्यासाठी ८८ च्या वरचे बघा. काही कंपन्या हा आकडा खोलीतला मोजून तीनेक डेसिबल फुगवतात, तेव्हा ९६-९८ असं काही दिसलं तर मनातल्या मनात तीन वजा करा. क्लिप्शसारखे भोंग्याचे, म्हणजे हॉर्नचे स्पीकर थोड्या वॉटमध्ये जोरात वाजतात हे खरं, फक्त टाइल-काचेच्या हॉलमध्ये कुणाकुणाच्या कानाला ते टोचतात, ऐकूनच घ्या.

ठेवायचे कसे: सोफा टीव्हीपासून ३ मीटरवर असेल तर डावा आणि उजवा यांच्यामध्ये साधारण २.४ ते ३.५ मीटर अंतर. ट्वीटर कानाच्या उंचीला. आणि ज्या बाजूला भिंत आहे त्या बाजूचा स्पीकर अगदी भिंतीला चिकटवू नका, नाहीतर तो जाड वाजतो आणि उघड्या बाजूचा बारीक, दोघं भाऊ वाटतच नाहीत. किमान फूट-दीड फूट सोडा, पाठीमागे भोक असलेला स्पीकर असेल तर मागेही अर्धा फूट तरी.

रिसीव्हर, आणि वॉटचे बनेल आकडे

आपल्याकडे एकेकाळी खोक्यावर "पीएमपीओ" लिहून तळहाताएवढे स्पीकर हजारो वॉटचे म्हणून विकायचे, आठवत असेल. ते गेलं पण त्याची भावंडं आहेत. "१५० वॉट प्रति चॅनेल" खाली बारीक अक्षरात "६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन, १ चॅनेल चालू" असं असेल तर तो आकडा सोडून द्या. "८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, २ चॅनेल चालू, ०.०८ टक्के" या ओळीपुढचा आकडा वाचा, तो ७०-८० असेल आणि तो खरा. स्पीकर ४ ओहमचे असतील तर रिसीव्हरला ते झेपतात का हे पुस्तिकेत बघा, स्वस्तातले रिसीव्हर तापून बंद पडतात.

डेनॉन, यामाहा, ओन्क्यो, मरँट्झ, सोनी, कुठलाही घ्या, फक्त त्यात माइक लावून हॉल मोजायची सोय आणि सबवूफर प्रीआउट (सबवूफरची वायर जोडायची जागा) असू द्या, दोन असतील तर उत्तम. टीव्ही आणि रिसीव्हर एचडीएमआयच्या (टीव्हीचा आवाज परत रिसीव्हरकडे नेणाऱ्या) आर्क किंवा ई-आर्क पोर्टने जोडतात. टीव्हीतल्या अ‍ॅपवरूनच बघत असाल तर साधं आर्कसुद्धा पुरतं, त्यावरून ओटीटीचा, छताकडूनही आवाज देणारा डॉल्बी अ‍ॅटमॉसही जातो. ब्लू-रे डिस्कचा पूर्ण दर्जाचा आवाज टीव्हीमार्गे न्यायचा असेल तरच ई-आर्क हवं.

सबवूफर: इथे हात आखडू नका

आता मुद्द्याचं. बंद छोट्या खोलीत सबवूफरला खोलीच मदत करते, हवा कोंडलेली असते म्हणून खालचे सूर आपोआप फुगतात. गाडीत छोटा सब का धमाका करतो, त्याचं कारण हेच. उघड्या हॉलमध्ये ही मदत जवळजवळ शून्य. तुमचा सब सोफ्यापुरती हवा हलवत नाही, तो डायनिंग, ओटा आणि पॅसेजची हवापण हलवतो, पार बेडरूमच्या दारापर्यंत.

आणि सूर जितका खालचा (म्हणजे हर्ट्झचा आकडा जितका लहान) तितकी जास्त हवा लागते. ४० हर्ट्झला जेवढा आवाज मिळतो तेवढाच २० हर्ट्झला हवा असेल तर चौपट हवा ढकलावी लागते. ८ इंची कोनपेक्षा १२ इंचीचं क्षेत्रफळ सव्वादोन पट. म्हणून सेटबरोबर येणारा आठ इंची डबा ४००० घनफुटांत नुसता "भुम्म भुम्म" करतो, तो बास नव्हे, तो ५०-६० हर्ट्झच्या आसपास अडकलेला ढेकर आहे.

माझा सल्ला: २५०० घनफुटांपर्यंत दहा इंची चालेल, त्याच्या वर बारा इंची, आणि पोर्टेड (डब्याला हवेची नळी असलेला). सीलबंद आणि पोर्टेड यावर लोक रात्र रात्र वाद घालतात. सीलबंद छोटा असतो, खाली हळूहळू उतरतो. पोर्टेडला नळीमुळे खालच्या सुरांत जास्त जोर मिळतो, पण नळी ज्या सुराला जुळवलीय त्याच्या खाली तो धपकन पडतो, आणि डबा मोठा, कपड्यांच्या बास्केटएवढा. सिनेमासाठी आणि उघड्या जागेसाठी मला पोर्टेडच पटतो. घरच्यांना आकार पटत नसेल तर दोन छोटे सब दोन जागी ठेवा. दोन असले की आवाज तर वाढतोच, शिवाय सोफ्यावर बास आणि खुर्चीवर काहीच नाही हा प्रकार बराच कमी होतो.

त्या प्रकाराचं कारण असं की बासच्या लाटा प्रचंड लांब असतात. ८० हर्ट्झची लाट सव्वाचार मीटर, ३४ ची दहा मीटर. त्या समोरासमोरच्या भिंतींवर आपटून परत येतात आणि कुठे एकमेकींवर चढतात, कुठे एकमेकींना मारतात. सहा मीटर लांबीच्या हॉलमध्ये असा पहिला सूर २८-२९ हर्ट्झच्या आसपास पडतो. हे गणित करत बसायची गरज नाही, रांगायची आहे. सबवूफर उचलून तुम्ही जिथे बसता त्या सोफ्यावरच ठेवा, बासवालं एखादं गाणं लावा, आणि स्वतः गुडघ्यावर हॉलभर रांगत फिरा, कान जमिनीपासून फूटभर. टीव्ही युनिटची डावी बाजू, उजवी, सोफ्यामागचा कोपरा, सगळीकडे थांबा. जिथे बास भरीव आणि स्वच्छ वाटेल, नुसता मोठा नव्हे, ती सबची जागा. आमच्याकडे हे चाललं होतं तेव्हा खालच्या मजल्यावरचे काका काहीतरी मागायला आले होते, दार उघडंच, ते दोन मिनिटं बघत राहिले आणि न बोलता गेले. पण जागा सापडली, ती टीव्हीच्या डावीकडे, जिथे दोन भिंती खऱ्याखुऱ्या मिळतात. त्याआधी सब उघड्या बाजूला शूरॅकपाशी होता आणि तिथून सगळा जोर ओट्याकडे जात होता.

सब लागल्यावर आठ दिवस घर वाजतं. शोकेसमधले कप, ट्यूबची पट्टी, खिडकीची जाळी, आमच्या देवघरातली घंटासुद्धा. एकेक शोधून खाली फेल्टचा तुकडा लावत जायचं.

मागचे आणि वरचे

५.१ मध्ये मागचे दोन स्पीकर पाठीमागे नसतात, बाजूला आणि जरासे मागे असतात, समोरचा टीव्ही शून्य धरला तर ११० ते १२० अंशांवर, कानापेक्षा दीडदोन फूट वर. भिंतीच्या बाजूचा सोपा, ब्रॅकेट ठोकला की झालं. उघड्या बाजूचं काय? तीन वाटा आहेत. स्टँड (लहान मुलं किंवा मांजर असेल तर विसरा), डायनिंगच्या अलीकडच्या बीमवरून खाली ब्रॅकेट, किंवा फॉल्स सीलिंगमध्ये गोल स्पीकर. सीलिंगमध्ये लावायचे तर दोन्ही बाजूंचे सीलिंगमध्येच लावा, एक भिंतीवर आणि एक छतात असं केलं की हेलिकॉप्टर वाकडं उडतं.

अ‍ॅटमॉससाठी स्पीकरवर ठेवायचे, छताकडे तोंड करून आवाज उसळवणारे मॉड्यूल मिळतात. त्यांना सपाट आणि कडक छत लागतं. आपल्याकडे पीओपीची नक्षी, कोव्ह लाइटची खाच आणि बरोबर मधोमध फिरणारा पंखा. नका घेऊ. छतात खरेखुरे स्पीकर बसवता येत असतील तरच अ‍ॅटमॉस करा, नाहीतर ते पैसे सबमध्ये टाका.

"वायरलेस" मागचे स्पीकर म्हटलं की लोक खूश होतात, पण बहुतेकांना लाइटचा प्लग लागतोच, सोफ्यामागे बोर्ड आहे का ते आधी बघा.

वायर

घराचं काम चालू असेल तर इलेक्ट्रिशियनला आत्ताच सांगा, टीव्हीच्या भिंतीपासून सोफ्याच्या दोन्ही बाजूंना आणि सबच्या दोन संभाव्य जागांना रिकामे २५ एमएमचे पाइप कन्सील करून ठेव, आत ओढायची तार सोडून. लाइटच्या वायरीच्या पाइपातून स्पीकरची वायर नको. प्लास्टर व्हायच्या आधी फोटो काढा आणि फोटोत टेप धरा, नंतर ड्रिल मारताना देव आठवणार नाही. काम होऊन गेलं असेल तर स्कर्टिंगच्या वरून केसिंग पट्टी, रंग मारला की दिसत नाही.

जाडी: १२ मीटरपर्यंतच्या ८ ओहमच्या स्पीकरला शुद्ध तांब्याची दीड स्क्वेअर एमएम पुरते, ४ ओहम असेल तर अडीच. मीटरला हजारो रुपयांची वायर घेण्यात काही अर्थ नाही. मात्र स्वस्तातली "स्पीकर वायर" अनेकदा अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असते, रेझिस्टन्स साधारण दीडपट. ओळखायचं कसं? एक तार ब्लेडने खरवडा, आत चांदीसारखी पांढरी निघाली तर परत करा. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला शुद्ध तांब्याची मागून, तिथेच खरवडून घ्या, दुकानदार चिडत नाहीत, चिडला तर पुढच्या दुकानात जा.

लाल तांबड्याला, काळी काळ्याला, दोन्ही टोकांना. एक स्पीकर उलटा जोडला गेला की बास गायब होतो आणि माणसाचा आवाज हवेत कुठेतरी तरंगतो. मी तीन आठवडे तसाच ऐकला.

दुकानात गेल्यावर

पेनड्राइव्हवर किंवा फोनवर आपल्या ओळखीचं काहीतरी न्या, त्यांचे स्फोटांचे डेमो कुठल्याही स्पीकरवर भारी वाजतात. साधं बोलणं ऐका, मराठी बातम्या, एखाद्या नाटकातला प्रवेश, "श", "स", "च" नीट सुटे येतात का बघा. मग खुर्चीवरून उठून खोलीच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहा आणि तेच परत ऐका. दोन स्पीकरची तुलना करताना दोघांचा आवाज समान करायला सांगा, फोनवरचं आवाज मोजायचं अ‍ॅप एवढ्यासाठी पुरतं, कारण जो जरासा मोठा वाजतो तोच आपल्याला चांगला वाटतो आणि हे विक्रेत्याला माहीत असतं. घरी डेमो देतात का विचारा, मोठ्या खरेदीला बरेच जण देतात. परदेशी नावांमागे धावायचीही गरज नाही, कोलकात्याची सोनोडाइन १९७० पासून स्पीकर बनवतेय, आपल्याकडच्या हवेत आणि व्होल्टेजमध्ये.

जोडल्यावर

माइक लावून रिसीव्हरचं मोजमाप करा. तेव्हा पंखा बंद, एसी बंद, शक्य असेल तर फ्रिजही पाच मिनिटं बंद, आणि कुकर लावू नका. आमचं पहिलं मोजमाप तिसऱ्या शिट्टीला वाया गेलं. माइक ट्रायपॉडवर कानाच्या उंचीला, पहिली जागा मुख्य सोफ्याची, मग आजूबाजूच्या, सगळ्या सोफ्याच्याच आसपास. डायनिंगच्या खुर्चीवर माइक नेऊ नका, रिसीव्हर गोंधळतो आणि दोन्हीकडे वाईट वाजतं.

त्यानंतर हाताने चार गोष्टी तपासा. सगळे स्पीकर "स्मॉल" आणि क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा बास सबकडे वळतो तो आकडा) ८० हर्ट्झ, अगदी छोटे सॅटेलाइट असतील तर १०० ते १२०, पण मग सब कुठे ठेवलाय ते कानाला कळायला लागतं. टीव्हीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये "पीसीएम" असेल तर ते "ऑटो" किंवा "पासथ्रू" करा, नाहीतर आर्कवरून नुसते दोनच चॅनेल जातात आणि तुम्ही सेंटरला शिव्या घालत बसता. मालिका आणि बातम्या बहुतेक स्टिरिओ असतात, रिसीव्हर "स्टिरिओ" मोडवर असेल तर सेंटर गप्पच राहतो, त्याला "डॉल्बी सराउंड" किंवा "न्यूरल एक्स" वर टाका, बोलणं मध्ये येतं. आणि सेंटरची लेव्हल दोन-तीन डेसिबल वाढवा. हे शेवटचं म्हणजे आईसाठी, त्याला नियम नाही.

सतत "घूंऽऽ" असा बारीक आवाज येत असेल तर आधी सेट टॉप बॉक्सची केबल काढून बघा. बंद झाला तर केबलच्या आणि घराच्या अर्थिंगमध्ये फरक आहे, स्पीकरचा दोष नाही. रिसीव्हर, टीव्ही, सब एकाच बोर्डावर घ्या आणि अर्थिंग खरंच आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. अर्थची पिन कापायचा सल्ला देणारे भेटतील, अजिबात ऐकू नका, शॉक बसतो.

रात्री रिसीव्हरचा नाइट मोड लावा, त्यात मोठे आवाज दबतात आणि बोलणं वर येतं. आपल्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ मध्ये ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, आणि बास स्लॅबमधून जातो, दार लावून थांबत नाही. सबखाली रबर पॅड ठेवला तर फरशीचा थरथराट कमी होतो, पण हवेतून जाणारा बास त्याने फारसा अडत नाही, तेव्हा दहानंतर सबचा आवाज सरळ सहा-आठ डेसिबल खाली. मी पहिल्याच रविवारी खालच्या काकांना वर बोलावून चहा पाजला आणि तुम्हाला किती ऐकू येतं असं विचारलं, ते म्हणाले बासचं काही नाही हो, पण परवा तुम्ही रांगत काय होतात?

खोकी आणि आतले थर्माकोल महिनाभर तरी टाकू नका. बदलून घ्यायचं असेल, सर्व्हिसला पाठवायचं असेल, नंतर विकायचं असेल, सबसारखी जड वस्तू तिच्या खोक्याशिवाय नीट जात नाही. माझी तीन वर्षं झाली माळ्यावरच आहेत, दर दिवाळीच्या साफसफाईला बायको विचारते आणि मी म्हणतो, मागचे दोन स्पीकर आले की काढतो.